करमुक्त तोंडं

आमच्या टॅल्मेज काउंटीत अन्नावर कर आहे, आणि तो असणं योग्यच आहे. माणूस नवी गाडी घेणं पुढं ढकलतो, छप्पर गळत असलं तरी खाली बादली ठेवून दोन वर्षं काढतो, दाढ दुखली तर लवंग धरून बसतो. पण जेवण काही फार दिवस पुढं ढकलता येत नाही. त्यामुळे पीठ, दूध, अंडी, चवळी यांच्यावर डॉलरमागे नऊ सेंट लावले की तिजोरीत पैसा अगदी नेमानं येत राहतो. जमिनीचं तसं नाही. जमिनीवरचा कर फार वर चढू नये अशी तजवीज अलाबामाच्या घटनेतच करून ठेवलेली आहे, आणि ती करणारी मंडळी मोठी दूरदर्शी होती. त्यांच्याकडे जमीन होती. आमच्याकडे तोंडं होती.

आम्ही काळे लोक रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेला राहतो आणि ते गोरे पश्चिमेला. हे कुणी ठरवलेलं नाही, आपोआप झालं, असं आमच्या शाळेत शिकवतात. किराणा मालाचं मोठं दुकान पूर्वी पूर्वेला होतं. ते पुढं हायवेपलीकडे गेलं, कारण तिथं गाड्या लावायला जागा चांगली आहे. आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे गाडीच नाही, पण जागेची सोय झाली हे नाकारता येत नाही. पूर्वेला आता एक पेट्रोल पंप उरलाय. तिथं चिप्स मिळतात, सिगारेट मिळते आणि बरणीत खारवलेले डुकराचे पाय मिळतात.

मी रूफस गेडी. आयुष्यभर शाळेची बस हाकली. आता गुडघे गेलेत आणि माझं पेन्शन बँकेतून सरळ औषधवाल्याकडे जातं. तेव्हा दर बुधवारी मी न्यू केनन चर्चच्या तळघरात जेवायला जातो. तिथं सिस्टर ओझेला टॉलिव्हर (चर्चात आम्ही बायकांना सिस्टरच म्हणतो) म्हाताऱ्यांना जेवू घालतात. चवळी, कोलार्डची पालेभाजी आणि मक्याचा पाव. आमच्यातल्या कित्येकांचं आठवड्याभरातलं गरम जेवण तेवढंच असतं. बाई शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्या आहेत आणि पोरांवर ओरडायची सवय त्यांनी आमच्यावर चालू ठेवली आहे.

गेल्या वर्षी कुठल्याशा विद्यापीठानं राज्याचा नकाशा छापला. जिथं माणसं उपाशी, तिथं लाल रंग. आमची काउंटी इतकी लाल होती की नाव वाचता येईना. काउंटी मंडळाला फार लाज वाटली. उपाशी माणसं त्यांनी बरीच वर्षं पाहिली होती, पण नकाशा पहिल्यांदाच पाहत होते. मंडळानं ताबडतोब भूक निवारण परिषद नेमली. परिषद म्हटली की खर्च आला, आणि खर्च म्हटला की किराण्यावर आणखी एक सेंट आला. मंडळाचे अध्यक्ष रॉइस हॅडॉक म्हणाले, "उपाशी लोकांसाठी लागणारा पैसा उपाशी लोकांनीच उभा करणं, यात एक स्वाभिमान आहे."

परिषदेच्या बैठका क्लबात जेवणाबरोबर होतात. ते जेवण सरकारी खरेदीत मोडतं, म्हणून त्यावर कर नाही. दोन-तीन जेवणांनंतर परिषदेनं निष्कर्ष काढला की पूर्वेकडच्या लोकांत पोषणाविषयी जागृती नाही. मग आमच्या घरोघरी एक गुळगुळीत पत्रक आलं. त्यावर लिंबाची फोड लावलेला सॅमन मासा होता. चर्चचे डीकन अमोस क्रेनशॉ यांनी तो बराच वेळ निरखून पाहिला.

"देखणा आहे," ते म्हणाले. "कोण हा?"

जागृती वाढली आणि पाव लहान झाला. त्या एका सेंटानं आधीच ताणलेलं चर्चचं गणित पार कोलमडलं, कारण दानपेटीत पैसे टाकणारे आणि बुधवारी जेवायला येणारे आम्ही एकच. सिस्टर ओझेला पावाचे चौकोन कापत, ते आधी तळहाताएवढे असत. मग ते काडेपेटीएवढे झाले.

"हा माझा पाव आहे की नमुना?" सिस्टर लुविनियांनी विचारलं. त्या वयानं नव्वदीच्या जवळ आहेत आणि हॅट घातल्याशिवाय मरायचंही नाही असं त्यांनी ठरवलंय.

"गुपचूप खा गं," ओझेला म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी नुसता वास देणार आहे."

त्या चेष्टेत म्हणाल्या, पण मी त्यांना मागं जाऊन डोळे पुसताना पाहिलं. मला त्या वेळी ज्या शिव्या सुचल्या, त्या चर्चच्या तळघरात सुचायला नको होत्या.

ओझेलाबाईंच्या परसात कोंबड्या आहेत. त्यांना दाणे आणायला त्या हायवेवरच्या पशुखाद्याच्या दुकानात गेल्या. मी बरोबर होतो, पोतं उचलायला म्हणून. प्रत्यक्षात ते बाईंनीच उचललं. बिल पाहून त्या थबकल्या.

"बाळा, ह्यात कर लावायचा राहिला."

"मॅम, जनावरांच्या खाण्यावर कर नसतो," गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला. मग जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "मुक्या जीवांवर कसा लावणार?"

बाई परतीच्या वाटेवर काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा घाबरावं, हे मी शाळेची बस हाकायचो तेव्हापासून शिकलोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी चर्चच्या नावावर मक्याची पोती आणली. पेरणीचा मका नव्हे, त्याला औषध चोळलेलं असतं. हा साधा, स्वच्छ, दाण्याचा मका. चर्चच्या मागं जुनी गिरणी आहे, ती तेल पाजून चालू केली. बुधवारी पाव पुन्हा तळहाताएवढा झाला, आणि जे पैसे वाचले त्यातून लोणी आलं. सिस्टर लुविनियांनी दोनदा प्रार्थना म्हटली, एक पावासाठी आणि एक लोण्यासाठी.

हे सुख महसूल निरीक्षक गार्लंड प्रुइट यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. ते एका बुधवारी आले, आमच्यात बसले, पावाचे दोन तुकडे लोण्यासकट खाल्ले, बोटं पुसली आणि वही काढली.

"ह्या चर्चकडे गुरं किती?"

"एकही नाही," ओझेला म्हणाल्या.

"मग एवढा मका कोण खातं?"

"आत्ता तर तुम्हीच खाल्लात."

प्रुइट साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. बाकी सगळं लिहिलं, आणि मंडळापुढे सुनावणी लागली. ठरावाचा मसुदा तयारच होता: चर्चनं मक्याची खरेदी बंद करावी, नाहीतर तळघराचा परवाना रद्द. म्हणजे बुधवार बंद. आम्ही झाडून सगळे गेलो. मंडळ भरतं ती कोर्टाची इमारत फार सुंदर आहे. पांढऱ्या खांबांना दरवर्षी रंग लागतो.

अध्यक्ष हॅडॉक ओझेलाबाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत. लहानपणी त्यांच्या घरी बाईंची आई स्वयंपाक करायची, त्यामुळे घरोबा आहे. हा घरोबा एकाच बाजूनं तू म्हणायच्या उपयोगी पडतो.

"ओझेला, तुला कायदा मोडायचा नव्हता, हे आम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण मका जनावरानं खाल्ला तर करमुक्त आणि माणसानं खाल्ला तर करपात्र. साधी गोष्ट आहे."

"मका तोच, मिस्टर हॅडॉक?"

"तोच."

"म्हणजे कर मक्यावर नाही. तोंडावर आहे."

"तसं म्हणायचं तर म्हण."

"मग आमच्या तोंडांना सवलत द्या."

"अगं, सवलत अशी वाटत सुटलो तर शाळा कशा चालतील?" अध्यक्षांची मुलं खासगी शाळेत गेली, पण आमच्या शाळांची त्यांना मनापासून काळजी. "सवलत फक्त पशुधनाला आहे. माझे हात बांधलेले आहेत."

अध्यक्षांची स्वतःची सातशे गुरं आहेत. ती गुरं जो मका खातात त्यावर कर लागावा, असं त्यांच्या बांधलेल्या हातांना कधी वाटलेलं नाही.

ओझेलाबाई उभ्याच होत्या. त्यांनी मागं वळून आमच्या ओळीकडे पाहिलं. सिस्टर लुविनियांची हॅट, डीकन अमोसांची काठी, माझे गुडघे. मग त्यांचं डोकं फिरलं.

"मग लिहा ना आम्हाला जनावरं!" त्या कडाडल्या. "एकदाचं लिहून टाका!"

हे रागानं म्हटलं होतं, हे कुठल्याही माणसाला कळलं असतं. पण मंडळाला राग कळत नाही, प्रस्ताव कळतो. काउंटीचे वकील प्रेस्कॉट यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. काउंटीच्या हद्दीत राहणारा, स्वतःचं खाद्य स्वतः मिळवू न शकणारा आणि दुसऱ्यानं घातलेल्या खाद्यावर जगणारा जीव, अशी पशुधनाची व्याख्या निघाली. पायांची संख्या दिलेली नव्हती.

"कायद्याची आडकाठी नाही," वकील म्हणाले. "शिवाय याला पूर्वीचा दाखला आहे. अशी नोंद ह्याच इमारतीत पूर्वी होत असे. तळघरात ती पुस्तकं आहेत."

गुलामगिरीच्या काळातल्या त्या पुस्तकांत काय आहे हे आमच्या बाजूच्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि त्यांच्या बाजूच्या प्रत्येकाला. अध्यक्षांचा चेहरा मात्र उजळला. दाखला असला की नवा कायदा करावा लागत नाही, आणि नवा कायदा नसला की वर्तमानपत्रात येत नाही. ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं आणि एकमतानं मंजूर झाला. बुधवारच्या जेवणाला येणारे सर्व जीव करापुरते पशुधन समजले जातील.

बाहेर आल्यावर डीकन अमोस काठी टेकून थांबले.

"मी नाही," ते म्हणाले.

"डीकन, नुसतं कागदावर आहे ते," मी म्हणालो.

"तेव्हाही कागदावरच होतं, रूफस. माझ्या पणजीचं नाव तिथं तळघरात आहे. वर एक खेचर, खाली एक नांगर. मी त्या पानावर परत जाणार नाही."

"आणि पोट?" ओझेलांनी विचारलं.

"पोट माझं आहे. तिचं तेवढंही नव्हतं."

बाकी आम्ही सगळे जनावरं झालो. मला लाज वाटली का, असं पुढं बऱ्याच जणांनी विचारलं. वाटली. पण भुकेनं वाटते ती लाज मी त्याआधी रोज चाखत होतो, आणि तिच्याबरोबर लोणी मिळत नव्हतं.

पशुधन झाल्याचा पहिला फायदा असा की सरकारी पशुवैद्य आली. डॉक्टर हॅना केसलर, तरुण, उत्तरेकडची, बुटांना चिखल लागलेली. पूर्वेचा दवाखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि आम्हाला हात लावून कुणी तपासल्याचं आठवत नव्हतं. तिनं आमची वजनं केली, हिरड्या पाहिल्या, बरगड्या मोजल्या. तिचा चेहरा उतरत गेला.

"हा कळप तर कुपोषित आहे," ती म्हणाली. "हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"नकाशात होतं, बाई," मी म्हणालो.

कानात बिल्ला टोचायचा नियम होता, पण तिनं दया दाखवून तो दोरीनं गळ्यात अडकवायची मुभा दिली. सिस्टर लुविनियांनी तो जांभळ्या हॅटला पिनेनं लावला आणि आरशात पाहिलं. "सोनेरी नाही का गं तुमच्याकडे?" त्यांनी डॉक्टरला विचारलं.

माझ्या राज्यात जनावराला उपाशी ठेवणं हा गुन्हा आहे. माणसाला उपाशी ठेवणं हे धोरण आहे. त्यामुळे डॉक्टरांचा अहवाल वर गेला आणि आठवड्याच्या आत ट्रक आले. पोषक खाद्य आलं, पाणी तपासून आलं, उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून तळघरात पंखे बसले. ज्या पशुखात्याला भूक निवारण परिषदेचं अस्तित्वही ठाऊक नव्हतं, त्या खात्याचा माणूस दर सकाळी फोन करून विचारायचा, "सगळ्यांनी नीट खाल्लं का?" माझ्या सख्ख्या मुलानं मला हे इतक्यांदा विचारलेलं नाही.

पण प्रुइट साहेब दारात बसवलेले होते. सवलतीचा मका माणसाच्या तोंडी जाऊ नये, ही जबाबदारी त्यांच्यावर होती. तळघरात आता एकच माणूस उरला होता. डीकन अमोस बुधवारी येत, प्रार्थना म्हणत, टेबलाच्या टोकाला बसत, आणि त्यांच्यापुढे ताट नसे. ओझेलाबाई त्यांच्यासाठी हायवेपलीकडच्या दुकानातून कर भरून वेगळं पीठ आणायच्या. पण तिथवर नेणारी गाडी दर बुधवारी कुठली मिळायला? नाही मिळाली की डीकन पाणी पीत आणि आमच्याकडे पाहून हसत.

एकदा ओझेलाबाईंनी टेबलाखालून त्यांच्या हातात पावाचा तुकडा सरकवला.

"सिस्टर टॉलिव्हर," प्रुइट दारातून म्हणाले, "तो करपात्र इसम आहे."

डीकननी तुकडा टेबलावर ठेवला. "घ्या साहेब," ते म्हणाले. "तुम्ही तर आधीपासून खाताय."

डॉक्टर पुढच्या तपासणीला आली तेव्हा तिला टोकाला बसलेले डीकन दिसले. कोट खांद्यांवरून लोंबत होता.

"ह्यांचं वजन कधी केलं?"

"तो माणूस आहे, डॉक्टर," प्रुइट म्हणाले.

भली पोर होती, तिचे डोळे भरून आले. पण माणूस तिच्या खात्याच्या कक्षेत येत नव्हता. तिनं माझी नाडी पाहिली, नाडी मजेत होती.

जाताना तिनं मंडळाकडून एक साधी माहिती मागितली. एवढा मोठा कळप इतकी वर्षं उपाशी ठेवला गेला, तर कायद्यानं मालकावर खटला भरायचा असतो. मालक कोण?

वकील प्रेस्कॉट यांनी सवयीनं पूर्वीचा दाखला पाहिला. त्यात मालकांची नावं होती. टॉलिव्हर, गेडी आणि क्रेनशॉ यांच्या पूर्वजांसमोर ठिकठिकाणी हॅडॉक लिहिलेलं होतं, आणि दोन जागी प्रेस्कॉट. त्यांनी अध्यक्षांना फोन केला.

काउंटी मंडळानं इतक्या झपाट्यानं काम केल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी खास सभा भरली आणि आम्हाला सन्मानानं पुन्हा माणूस करण्यात आलं. नुसता ठराव करून थांबले नाहीत, समारंभ ठेवला. पांढऱ्या खांबांमध्ये व्यासपीठ, हायस्कूलचा बँड, फुगे. मोठ्या शहरातून टीव्हीवाले आले. काडेपेटीएवढा पाव चित्रात धरता येईना म्हणून ते तेव्हा आले नसावेत.

"टॅल्मेज काउंटीनं आज एक ऐतिहासिक अन्याय दूर केला आहे," अध्यक्ष हॅडॉक भरल्या गळ्यानं म्हणाले. "आमच्या बांधवांना कुणी जनावर म्हणावं, हे आम्ही खपवून घेणार नाही!" टाळ्या पडल्या. आमच्या बाजूनंही पडल्या, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी डीकन अमोसांना वर बोलावलं. सगळा कळप वाकला तेव्हा जो एकटा ताठ राहिला, त्याचा मानवी प्रतिष्ठेबद्दल गौरव म्हणून पितळी ढाल दिली. ढाल जड होती. डीकनना ती पेलेना, ओझेलाबाईंनी खालून हात लावला.

"दोन शब्द बोला," अध्यक्ष म्हणाले.

डीकन माइकजवळ वाकले. "इथं काही खायला आहे का?" त्यांनी विचारलं.

लोक खूप हसले. आत जेवण होतं, पण ते पाहुण्यांसाठी होतं.

टीव्हीवाल्या बाईंनी मला गाठलं. "मिस्टर गेडी, स्वतःला जनावर म्हणवून घेताना काय वाटलं?"

"पोट भरल्यासारखं वाटलं," मी म्हणालो. ते त्यांनी दाखवलं नाही.

ट्रक परत गेले, पंखे काढून नेले, मक्याची सवलत संपली. बुधवारचा पाव पुन्हा लहान झाला. डीकन अमोस त्या महिन्याअखेर गेले. कागदावर म्हातारपण लिहिलंय. आमच्यात माणूस गेला की प्रत्येक घरातून काही ना काही शिजून येतं, मग त्या घरात उद्यासाठी काही उरो न उरो. डीकनांच्या दफनानंतर तळघरातलं ते लांब टेबल ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं होतं. तळलेली कोंबडी, रताळ्याचं गोड पक्वान्न, तळहाताएवढा पाव. सगळं कर भरून आणलेलं. अध्यक्षांनी शोकसंदेश पाठवला. ओझेलाबाईंनी तो न उघडता चुलीत घातला आणि मग भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं रडल्या.

समारंभानंतर पत्रं मात्र पुष्कळ आली, देशभरातल्या भल्या, सुशिक्षित, वाचणाऱ्या लोकांची. सगळ्यांना भयंकर राग आला होता. माणसांना जनावर म्हणतात म्हणजे काय! तुम्ही ते सहन कसं केलंत! आमच्या बाजूनं उभं राहिल्याबद्दल मी त्या सगळ्यांचे आभार मानले, आणि पाव केवढा उरलाय ते खाली कळवलं. त्यावर कुणाचं उत्तर आलं नाही.

तुम्हीही भलेच असणार, नाहीतर इथवर वाचलं नसतंत. तुम्हालाही राग आला असेल. तो नक्की कुठल्या ओळीला आला, तेवढं एकदा मागं जाऊन बघा. मी सांगतो, आम्हाला जनावर लिहिलं तिथं आला. त्याआधी बराच वेळ आम्ही माणसं होतो आणि उपाशी होतो, आणि तुम्ही निवांत वाचत होतात.